आधी दगड की आधी घोडे?

प्रश्न : मोर्चा कुठलाही असो, बातमीचा साचा ठरलेला असतो. जमाव आक्रमक झाला, दगडफेक झाली, मग पोलिसांना बळाचा वापर करावा लागला. काही वर्षांनी त्याच घटनेवरचा माहितीपट पाहण्यात येतो आणि तिथे सगळं उलटं : आधी लाठी, मग दगड. दोन्हीकडे कॅमेऱ्याने टिपलेलीच दृश्यं असतात. मग खोटं कोण दाखवतं? आणि स्वतः त्या जागी नसताना खरा क्रम कुठला, हे माहितीपट करणाऱ्याला कळतं तरी कसं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बहुतेक वेळा खोटं दृश्य कुणीच दाखवत नाही. दगड खरा असतो, लाठीही खरी असते. खोटं शिरतं ते दोन दृश्यांच्या सांध्यात. संकलनात दगड आधी लावला की लाठी हा बचाव ठरतो. लाठी आधी लावली की दगड हा संताप ठरतो. चित्रफितीतली एकही चौकट न बदलता गुन्हेगार बदलता येतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्या एका दिवसावर बातमीदार, पोलिसांचा कॅमेरा, न्यायालय आणि चित्रपटकार असे सगळेच भांडले आहेत, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांनी संप पुकारला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारच्या काळात खाणी बंद करायचा बेत जाहीर झाला होता आणि आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली कामगार संघटना त्याविरुद्ध उभी राहिली होती. साउथ यॉर्कशायरमध्ये शेफील्डजवळच्या ऑरग्रीव्ह या गावात कोळशापासून कोक बनवण्याचा कारखाना होता. तिथून कोकचे ट्रक स्कन्थॉर्पच्या पोलाद कारखान्याकडे जात. ट्रक अडले की पोलाद अडेल, असा संपकऱ्यांचा हिशेब. १८ जून १९८४ ला, सोमवारी, हजारो खाणकामगार तिथे जमले आणि त्यांच्यासमोर देशभरातून आणलेले हजारो पोलिस उभे राहिले. एरवी संपकऱ्यांच्या गाड्या महामार्गावरूनच परत पाठवणाऱ्या पोलिसांनी त्या दिवशी मात्र गाड्या कुठे लावायच्या ते हाताने दाखवलं, असं कामगारांनी पुढे वारंवार सांगितलं. ऊन चांगलंच तापलं होतं. कामगार टीशर्टवर होते, काहींनी तेही काढून ठेवले होते. समोर ढालींची भिंत, तिच्यामागे घोडेस्वार, आखूड ढाली घेतलेल्या तुकड्या आणि कुत्र्यांची पथकं.

त्या संध्याकाळी बीबीसीच्या बातम्यांत देशाने काय पाहिलं? दगड भिरकावणारा जमाव आणि त्यानंतर त्याच्यावर चालून जाणारे घोडेस्वार पोलिस. अर्थ सरळ होता : दगड पडले म्हणून घोडे सोडले. कामगार सांगत राहिले की घोडे आधी आले. संपाच्या गदारोळात त्यांचं कोण ऐकणार? शेवटी १९९१ मध्ये बीबीसीने कबूल केलं की दृश्यांचा क्रम उलटा लागला होता. घाईच्या संकलनात ती चूक अनवधानाने झाली, असा तिचा खुलासा होता. चूक की आणखी काही, यावर तिथे आजही वाद होतात. मला वाटतं, ती चूक होती असं मान्य केलं तरी प्रश्न सुटत नाही. इतकी मोठी उलटापालट झाली आणि संकलकापासून निवेदकापर्यंत ती कुणालाच खटकली नाही, कारण तो क्रम सगळ्यांच्या डोक्यात आधीपासूनच पक्का होता. दगड आधी असणार, असं प्रत्येकाने गृहीत धरलेलं होतं.

हे उघडकीला आणण्यात पोलिसांच्याच कॅमेऱ्याचा मोठा हात होता, ही यातली गंमत. पोलिसांनी ९५ जणांवर दंगलीसारखे गंभीर आरोप ठेवले. दंगलीच्या आरोपाला तेव्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. पहिल्या १५ जणांचा खटला १९८५ मध्ये शेफील्डच्या न्यायालयात उभा राहिला. बचावाच्या वकिलांमध्ये मायकेल मॅन्सफिल्ड होते. पोलिसांनी त्या दिवशी स्वतः केलेलं चित्रीकरण न्यायालयात दाखवलं गेलं आणि त्यात घोडे पुढे सरसावण्याच्या वेळी तुरळक फेकाफेकीपलीकडे काही दिसेना. त्याआधी एकही दगड पडला नव्हता, असं कुणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. पण ज्या मोठ्या दगडफेकीचं कारण देऊन घोडे सोडल्याचं सांगितलं जात होतं, ती घोडे येऊन गेल्यावरची होती. शिवाय पोलिसांचे जबाब एकामागून एक वाचले, तर त्यांत तीच ती वाक्यं. सुरुवातीचा मजकूर गुप्तहेर शाखेच्या अधिकाऱ्यांनी सांगून लिहून घेतला होता. एका जबाबावरची सही तर ज्याची म्हटली जात होती त्या पोलिसाची नव्हतीच. ४८ दिवसांच्या सुनावणीनंतर सरकारी पक्षाने खटला सोडून दिला. १९९१ मध्ये ३९ कामगारांना मिळून ४ लाख २५ हजार पाउंडांची भरपाई मिळाली, पण पोलिसांनी चूक मान्य केली नाही आणि एकाही पोलिसावर खटला झाला नाही. सरकारी चौकशीची घोषणा व्हायला जुलै २०२५ उजाडलं. घटनेच्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर चाळिशी ओलांडून गेलं होतं.

आता बातमीचा कॅमेरा कुठे उभा होता, ते पाहा. बहुतेक चित्रीकरण पोलिसांच्या रांगांमागून झालेलं होतं. तिथून पाहिलं की पोलिसांच्या फक्त पाठी दिसतात आणि चेहरे दिसतात ते अंगावर येणाऱ्या लोकांचे. हवेतून येणारा दगड थेट तुमच्याकडे येतो, लाठी मात्र पाठीआड खाली जाते आणि ती कुणाला लागली ते दिसतच नाही. मला यात कारस्थानापेक्षा सोय जास्त दिसते. पोलिसांमागे उभं राहिलं की डोकं फुटत नाही, गाडी जवळ लावता येते, माहिती द्यायला अधिकारी हाताशी असतो आणि संध्याकाळच्या बातम्यांसाठी टेप वेळेत पोचवता येते. रोजच्या कामात माणूस सोय बघतोच. पण त्या सोयीची किंमत प्रेक्षक मोजतो आणि त्याला पावतीही मिळत नाही.

कामगारांच्या बाजूने उभे राहिलेलेही काही होते. जॉन हॅरिस या छायाचित्रकाराने टिपलेलं, घोड्यावरचा पोलिस एका स्त्रीच्या दिशेने दंडुका फिरवतो आहे असं छायाचित्र आज त्या संपाची खूण होऊन बसलं आहे. तेव्हा बहुतेक राष्ट्रीय दैनिकांनी ते छापलं नाही. आयटीएन या वृत्तसंस्थेच्या चित्रीकरणात एक पोलिस एका कामगाराला पुन्हा पुन्हा दंडुक्याने मारताना दिसतो. बीबीसीच्या त्या दिवशीच्या बातमीत ते नव्हतं.

चित्रपटकार केन लोच यांची हकीकत तर या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. लंडनच्या एका वाहिनीच्या ‘साउथ बँक शो’ या कला-संस्कृतीच्या कार्यक्रमासाठी त्यांना संपातल्या गाण्यांवर आणि कवितांवर चित्रपट करायला सांगितलं होतं. लोच यांनी गाणी घेतली, कविता घेतल्या, आणि ती ज्यावर रचली होती ते दंडुकेही घेतले. ‘विच साइड आर यू ऑन?’ हा तो माहितीपट. वाहिनीने तो दाखवायला नकार दिला. अखेर जानेवारी १९८५ मध्ये तो चॅनल फोरवर लागला. लोकांची गाणी तेवढी हवीत आणि गाण्यामागचं कारण नको, ही अपेक्षा आपल्याकडच्या सांस्कृतिक कार्यक्रमांनाही अनोळखी नाही.

२००१ मध्ये जेरेमी डेलर या कलावंताने ऑरग्रीव्हची ती सगळी चकमक त्याच गावात पुन्हा घडवून आणली. ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणारे सुमारे ८०० हौशी लोक आणि सुमारे २०० माजी खाणकामगार त्यात उतरले होते. काही माजी कामगारांनी पोलिसांची भूमिका केली. माइक फिगिस यांनी त्याचा चित्रपट केला. ज्या घटनेचं मूळ चित्रीकरणच वादात आहे ती साक्षीदारांच्या अंगातून पुन्हा चालवून बघायची, ही कल्पना मला सुरुवातीला नाटकी वाटली होती. चित्रपट पाहताना लक्षात येतं की कोण कुठे उभा होता आणि ढाली कुठून उघडल्या, याची आठवण माणसाच्या पायांत राहिलेली असते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. क्रम कळतो कसा?

प्रसारित झालेली बातमी बाजूला ठेवून तिच्यामागचे रशेस, म्हणजे कच्चं चित्रीकरण, मिळवण्यापासून सुरुवात होते. दीड मिनिटाच्या बातमीमागे तासाभराचे रशेस असू शकतात. ते ज्या क्रमाने टेपवर उतरले त्याच क्रमाने असतात, कॅमेरा कुठे बंद झाला आणि कुठे पुन्हा सुरू झाला ते दिसतं, आणि टाइमकोड, म्हणजे टेपवरची वेळेची नोंद, शाबूत असेल तर दोन दृश्यांमधलं अंतर सेकंदांत मोजता येतं. अडचण एवढीच की वाहिन्या पूर्वी टेपा पुसून पुन्हा वापरत, आणि जिथे पुसलेल्या नसतात तिथेही वादग्रस्त घटनेचे रशेस कुणी आनंदाने काढून देत नाही.

मग एकेका चौकटीत काय काय आहे ते बघत बसायचं. विजेच्या खांबाची सावली किती लांब आहे? दुकानाचं शटर उघडं की अर्धं ओढलेलं? एका दृश्यात ज्याच्या कपाळाला रुमाल बांधलेला आहे त्याचं कपाळ दुसऱ्या दृश्यात कोरडं असेल, तर ते दुसरं दृश्य आधीचं. आपल्याकडची सगळ्यात बोलकी खूण म्हणजे चपला. लाठीमार झाला की रस्त्यावर चपलांचा खच पडतो, कारण पळणारा माणूस आधी चप्पल सोडतो. दगड मारणाऱ्याच्या पायाशी असा खच दिसत असेल, तर त्या दगडाआधी तिथे काहीतरी घडून गेलेलं आहे.

आवाज हा चित्राहूनही पक्का साक्षीदार. वेगवेगळ्या कोनांतून झालेल्या चित्रीकरणांत एकच शिट्टी, एकच सायरन किंवा एकच गोळीचा बार सापडला की ती सगळी चित्रीकरणं त्या आवाजावर सिंक करता येतात, आणि मग एका कॅमेऱ्यात पोलिसांच्या पाठीआड गेलेली लाठी दुसऱ्या कॅमेऱ्यात समोरून दिसते. ऑरग्रीव्हला पोलिसांनी ढालींवर दंडुके आपटून एका तालात आवाज केला होता. असा आवाज संकलकाला घड्याळासारखा उपयोगी पडतो. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात एयाल वाइझमन यांनी उभारलेली ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ ही संस्था आज हेच काम संगणकावर, इमारतींची प्रतिरूपं उभारून करते. धुराचे लोट आणि सावल्यांवरूनही ते वेळ काढतात.

आणि शेवटी कागद. नियंत्रण कक्षाची नोंदवही, इस्पितळाच्या अपघात विभागातली नोंद, एफआयआरवर टाकलेली वेळ. पहिला जखमी इस्पितळात दाखल झाल्याची वेळ ही दगडफेक सुरू झाल्याच्या सरकारी वेळेआधीची निघाली, तर पुढचं बोलणं सोपं होतं. हे काम फार कंटाळवाणं आहे. माहितीपट करणाऱ्याची वर्षं यात जातात आणि पडद्यावर त्याची जेमतेम दोन मिनिटं दिसतात.

आपल्याकडचं उदाहरण हवंच. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलिस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि १० माणसं मेली. समर्थनात सांगितलं गेलं ते असं : महामार्गावर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवायच्या बेतात होता, स्फोट झाला असता तर मोठी जीवितहानी झाली असती. म्हणजे इथेही वाद क्रमाचा आणि अंतराचाच. टँकर कुठे, गोळ्या लागलेली माणसं कुठे, आणि आधी काय घडलं? न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि तुकडीचं नेतृत्व करणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरलं. मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला.

गोळीबारानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात घोगरे गायले होते. त्या मृत्यूपासून पटवर्धनांनी सुरुवात केली आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला १४ वर्षं लागली. तीन तासांहून मोठा चित्रपट आहे. टँकरचा दावा तो तपासतोच, पण त्याचं खरं बळ मला दुसरीकडे दिसतं. बातमीचा कॅमेरा दोन-चार दिवसांत उठून गेला. हा कॅमेरा वस्तीत परत परत येत राहिला. ज्यांची माणसं गेली त्यांची घरं, निवडणुका, जयंत्या, शाहिरांची नवी पिढी, न्यायालयाचा निकाल, मग जामीन. एका सकाळच्या अर्ध्या तासातला क्रम लावता लावता पटवर्धनांनी पुढच्या १४ वर्षांचाही क्रम लावला. चित्रपटात दिसणाऱ्या कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांवर पुढे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली आरोप झाले, ते भूमिगत झाले, आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांच्यापैकी शीतल साठे व सचिन माळी विधान भवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाले. चित्रपट संपल्यावरही त्याचा विषय चालूच राहिला, तो असा.

लोच यांना गाण्यांनी दंडुक्यापर्यंत नेलं, पटवर्धनांना एका शाहिराने गोळीबारापर्यंत. हा योगायोग मला फार विलक्षण वाटत नाही. मार खाणाऱ्यांच्या बाजूने घटनेची नोंद आधी होते ती बहुधा गाण्यातच.

प्रश्न : पण माहितीपट करणारेही एका बाजूचेच असतात. पटवर्धन काय किंवा लोच काय, त्यांचे विचार जगजाहीर आहेत. त्यांनी लावलेल्या क्रमावर तरी विश्वास का ठेवायचा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ठेवू नका. तपासा. चित्रपटकाराची बाजू असणं हा दोष नाही, लपवाछपवी हा दोष आहे. स्वतःच्या बाजूला अडचणीचं काही दिसलं तर ते त्याने ठेवलं आहे का, हे मी आधी बघतो. दगड मारणारा पोरगा दिसला तर तो कापून टाकलेला चित्रपट मला कमी भरवशाचा वाटतो. दृश्य पुरेसं लांब चालू दिलं आहे का, हेही बघतो. दर दोन सेकंदांनी कापलेल्या दृश्यांतून काहीही सिद्ध करता येतं.

सहानुभूतीपोटी केलेली कापाकापीही किती महागात पडते, याचा धडा अमेरिकेत मिळाला आहे. ३ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिस मारत होते आणि जॉर्ज हॉलिडे नावाच्या प्लंबरने घराच्या बाल्कनीतून ते टिपलं. टेप स्थानिक वाहिनीकडे गेली. वाहिनीने सुरुवातीचे काही धूसर सेकंद गाळले. त्यात किंग पोलिसांच्या दिशेने झेपावताना दिसत होता. जगाने गाळलेली आवृत्ती पाहिली, ज्यूरीने पूर्ण. बचाव पक्षाने त्या गाळलेल्या सेकंदांचा पुरेपूर फायदा घेतला, उरलेली मारहाण चौकट-चौकट थांबवून, संथ करून दाखवली आणि प्रत्येक फटक्याला कारण चिकटवलं. २९ एप्रिल १९९२ ला पोलिस निर्दोष सुटले आणि शहर पेटलं. दंगलीत ६० हून अधिक माणसं मेली. सुटलेल्यांपैकी दोघा पोलिसांना १९९३ मध्ये केंद्रीय न्यायालयात शिक्षा झाली. ते सेकंद सुरुवातीपासून लोकांसमोर असते तरी मारहाण मारहाणच दिसली असती. गाळल्यामुळे मात्र खऱ्या टेपवर संशय घ्यायला जागा झाली.

प्रश्न : असे माहितीपट टीव्हीवर का दिसत नाहीत?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : दिसले, तेव्हा बहुधा न्यायालयाच्या आदेशाने दिसले. पटवर्धनांच्या ‘फादर, सन अँड होली वॉर’ साठी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दूरदर्शनला आदेश दिला. त्यांच्या ‘जंग और अमन’ मध्ये सेन्सॉर मंडळाने २१ काटछाटी सुचवल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो एकही काट न देता मोकळा केला. खासगी वाहिन्यांना न्यायालयात खेचायचीही सोय नाही. त्या नाही म्हणत नाहीत, फक्त फोन उचलत नाहीत. म्हणून हे चित्रपट चाळींत, महाविद्यालयांत, कामगार भवनांत पडदे लावून फिरतात.

प्रश्न : आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. घटना घडायच्या आत व्हिडिओ फिरायला लागतो. मग माहितीपटाची गरज काय उरली?
— एक वाचक, पणजी

उत्तर : दृश्यं वाढली, क्रम हरवला. आंदोलनानंतर तुमच्या फोनवर जे वीस तुकडे येतात त्यातला कुठला आधीचा, कुठला नंतरचा आणि कुठला भलत्याच गावचा, हे सांगणारं त्यात काही नसतं. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ पुढे पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि मूळ फाइलमध्ये असलेली वेळ, जागा, उपकरण यांची माहिती गळून पडते. दहा हात फिरलेला तुकडा ऑरग्रीव्हच्या टेपेइतकाही उपयोगाचा राहत नाही. शिवाय तुकडा बहुधा तिथून सुरू होतो जिथे कुणाला तरी फोन बाहेर काढावासा वाटला, म्हणजे गडबड सुरू झाल्यानंतर. गडबडीच्या आधीचं अर्धं मिनिट कुणाकडेच नसतं, आणि सगळा वाद असतो त्या अर्ध्या मिनिटाचा.

न्यायालयातही व्हिडिओ नुसता दाखवून भागत नाही. मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रतीसोबत ती कुठल्या उपकरणातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ६५ब होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. या नियमाचा निर्णायक निवाडा आपल्या जालन्याच्या खटल्यात झाला, आणि तोही वेळेवरूनच. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाले की आधी, हा वाद होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात झालेलं चित्रीकरण. कैलास गोरंट्याल यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवताना प्रमाणपत्राची अट पक्की केली. त्यात प्रमाणपत्र मागूनही अधिकारी देत नव्हते, याचीही न्यायालयाने दखल घेतली होती.

म्हणून एक विनंती. रस्त्यावर काही घडताना तुम्ही चित्रीकरण केलंत, तर कॅमेरा लवकर सुरू करा आणि मध्ये बंद करू नका. जवळच्या दुकानाची पाटी, घड्याळ, चौकाचं नाव एकदा चौकटीत येऊ द्या. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, तिची एक प्रत संगणकावर जशीच्या तशी ठेवा, नाव बदलू नका, गाणं चढवू नका, बाण काढू नका. आणि आवडत्या बाजूला अडचणीचे वाटणारे पहिले दहा सेकंद कापायचा मोह झाला, तर तेच दहा सेकंद सगळ्यात आधी जपून ठेवा.